नाशिकहून उझबेकिस्तान: कोणतं काम कधी करायचं आणि कुठे चुकतं

स्वस्त विमानतिकीट दिसलं की आधी ते काढायचं, मग रजा टाकायची, मग व्हिसाचं बघायचं आणि उरलेलं तिथे गेल्यावर. थायलंड किंवा दुबईला हा क्रम चालून जातो, कारण तिथे बहुतेक गोष्टी आयत्या वेळी मिळतात. उझबेकिस्तानला तो चालत नाही. तिथल्या वेगवान गाडीच्या जागा हंगामात आधीच भरतात, व्हिसा फार लवकर काढला तर निघायच्या आधीच संपतो, आपल्या घरोघरी असलेल्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत, आणि तुम्ही कोणत्या रात्री कुठे राहिलात याची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते. यातलं एकेक काम सोपं आहे, पण क्रम चुकला की तेच महागात पडतं.

खालचे टप्पे नाशिकहून जाणाऱ्या, स्वतःच आखणी करणाऱ्या कुटुंबासाठी आहेत. सोबत ज्येष्ठ मंडळी आणि मुलं आहेत, निम्मे लोक शाकाहारी आहेत, असं धरलं आहे. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तरी पासपोर्ट, औषधं, पैसे आणि खाण्याचे टप्पे वाचा. ती कामं कंपनी तुमच्या वतीने करत नाही.

## टप्पा १: महिना ठरवा (चार ते पाच महिने आधी)

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. शाळेच्या सुट्टीत बसवायचं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. मेच्या अखेरीस ऊन चढतं. २५ जून ते ५ ऑगस्ट या चाळीसेक दिवसांना तिथले लोक ‘चिल्ला’ म्हणतात. तेव्हा बुखारा आणि खिव्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बघायच्या जागा म्हणजे सावली नसलेले विटांचे चौक. नाशिकचा मे सोसला आहे म्हणून हे सोसेल असं धरू नका; इथे आपण दुपारी घरात असतो.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर सुट्टी उत्तम जुळते. नोव्हेंबरच्या मध्यावर गेली तर रात्री पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो, तेव्हा स्वेटरवर भागणार नाही, जाड जाकीट लागेल.

दिवस किती? चार शहरं करायची तर किमान आठ रात्री. पाच-सहा रात्रीच असतील तर खिवा सरळ सोडून द्या आणि ताश्कंद, समरकंद, बुखारा एवढंच करा. पाच रात्रींत चारही शहरं बसवली की निम्मा वेळ स्टेशन आणि विमानतळावर जातो.

## टप्पा २: पासपोर्ट पुन्हा उघडून वाचा

घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट हातात घेऊन तीन गोष्टी बघा.

मुदत: परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. पंधरा वर्षांखालच्या मुलांचे पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचे असतात. मोठ्यांचे दहा वर्षांचे, म्हणून मुलांचेही तसेच असतील असं समजून अनेक घरं इथेच अडकतात. नूतनीकरणाला नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ मिळणं, पोलीस पडताळणी आणि टपाल हे सगळं धरून दोन महिने हातात ठेवा. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, तत्काळला २००० रुपये वर.

नाव: आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आणि ‘सरनेम’मध्ये आडनाव. विमानतिकीट, रेल्वे तिकीट आणि व्हिसा तिन्हींवर हेच, याच क्रमाने, याच स्पेलिंगने आलं पाहिजे. आधार कार्डावर काय आहे याला इथे महत्त्व नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण पासपोर्टवर माहेरचंच राहिलं असेल, तर सगळीकडे माहेरचं नाव लिहा.

अवस्था: पावसात भिजून फुगलेला, पान सुटलेला किंवा फोटोवर डाग पडलेला पासपोर्ट इमिग्रेशनवर अडतो. तो आत्ताच बदलून घ्या.

तपासा: एखादं मूल आई किंवा वडिलांपैकी एकाबरोबरच जाणार असेल, तर दुसऱ्या पालकाचं इंग्रजीतलं, नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत फाइलमध्ये टाका.

## टप्पा ३: मार्ग उलटा आखा

नेहमीची चूक अशी: ताश्कंदहून समरकंद, मग बुखारा, मग खिवा, असं लांब लांब जात राहायचं आणि शेवटच्या दिवशी खिव्याहून ताश्कंद गाठून त्याच रात्री विमान पकडायचं. खिवा देशाच्या पश्चिम टोकाला आहे. तिथून परतताना काही अडलं तर भारताचं विमान हुकतं.

त्यापेक्षा दूरचं आधी उरका:

१ रात्र ताश्कंद. दुसऱ्या दिवशी देशांतर्गत विमानाने उर्गेंच (साधारण दीड तास), तिथून टॅक्सीने खिवा, अंतर ३५ ते ४० किलोमीटर. खिव्यात २ रात्री.

खिवा ते बुखारा साधारण ४५० किलोमीटर. रेल्वे मिळाली तर रेल्वे, नाहीतर गाडी ठरवून किझिलकुम वाळवंटातून सहा-सात तास. सगळ्या सहलीतला हा सर्वांत दमवणारा दिवस, म्हणून तो सुरुवातीला, अंगात ताकद असताना यावा. बुखाऱ्यात २ रात्री.

बुखारा ते समरकंद वेगवान रेल्वेने दीड-पावणेदोन तास. समरकंदला २ रात्री. मग समरकंद ते ताश्कंद दोन ते अडीच तास, आणि शेवटची रात्र ताश्कंदलाच.

सावध: शेवटची रात्र ताश्कंदला ठेवणं ही चैन समजू नका. एखादी गाडी रद्द झाली तर सावरायला तेवढीच एक रात्र असते.

## टप्पा ४: विमान

नाशिकहून दोन वाटा आहेत. एक, मुंबईहून ताश्कंद. दुसरी, ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून ताश्कंद. ज्येष्ठांना घाटातला रस्ता नको असेल तर ओझरची वाट मोहात पाडते, पण ती घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. ओझर-दिल्ली आणि दिल्ली-ताश्कंद ही दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी तुमच्यासाठी जबाबदार नसते. बॅगही दिल्लीत उतरवून घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते, आणि टर्मिनल बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून अशा वेळी दिल्लीत आदल्या रात्री मुक्काम करा. हिवाळ्यात धुक्यामुळे तो अनिवार्यच समजा.

कोणती कंपनी विमान उडवते हेही बघा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. वळसा घालून ताश्कंद आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर जातं, म्हणून इंडिगोला तिथली उड्डाणं थांबवावी लागली. उझबेकिस्तान एअरवेजला ती बंदी लागू नव्हती. म्हणजे तिकीट काढायच्या दिवशी हवाई हद्दीची स्थिती काय आहे हे बघणं आणि परताव्याच्या अटी वाचणं, दोन्ही कामं आहेत.

## टप्पा ५: रेल्वे आणि हॉटेल (विमान पक्कं झाल्यावर लगेच)

वेगवान गाडीचं नाव अफ्रोसियोब. ती ताश्कंद, समरकंद, बुखारा या मार्गावर धावते. तिच्या खालोखाल शार्क नावाची गाडी. वेळ जास्त घेते, पण जागा मिळण्याची शक्यता बरी असते. तिकिटं उझबेक रेल्वेच्या अधिकृत साइटवर किंवा ॲपवर काढा. विक्री साधारण दीड महिना आधी उघडते, पण ही मर्यादा मागेपुढे होते. म्हणून दोन महिने आधीच खातं उघडून ठेवा आणि तुमची तारीख दिसू लागली की त्याच दिवशी तिकीट काढा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपातले मोठे गट जागा उचलतात. तिथे गेल्यावर खिडकीवर मिळेल या भरवशावर राहिलेल्यांना टॅक्सीने पाच-पाच तास घालवावे लागतात.

इथे पैसे भरताना बहुतेकांचं पहिलं कार्ड नाकारलं जातं. कारण साधं आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ चालू करा, मर्यादा घाला आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच वापरा. रुपे आणि यूपीआयवर भिस्त ठेवू नका.

ताश्कंदला दोन मोठी स्टेशनं आहेत: उत्तर म्हणजे ‘शिमोलिय’ आणि दक्षिण म्हणजे ‘जानुबिय’. बहुतेक अफ्रोसियोब उत्तर स्टेशनवरून सुटतात, पण सगळ्या नाही. तिकिटावरचं नाव टॅक्सी मागवण्याआधी वाचा. आत जाताना पासपोर्ट आणि सामानाची तपासणी होते, तेव्हा ४५ मिनिटं आधी पोचा. बुखाऱ्याचं स्टेशन शहरात नाही, कागान नावाच्या शेजारच्या गावात आहे. तिथून जुन्या शहरात यायला टॅक्सीच लागते.

हॉटेल निवडताना स्वस्ताई आणि फोटो यांच्या आधी एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही परदेशी पाहुण्यांची रजिस्ट्रेशन करता का?’ परवानाधारक हॉटेलं आणि गेस्टहाऊस ते काम आपोआप, ऑनलाइन करतात. ॲपवर मिळणारे खाजगी फ्लॅट स्वस्त असतात, पण मालकाने नोंद केली नाही तर दंड पाहुण्यालाही भरावा लागू शकतो. उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर ती जागा सोडा.

बुखारा आणि खिव्याच्या जुन्या भागात मोटारी आत जात नाहीत. हॉटेल आत असेल तर शेवटचे दोन-तीनशे मीटर दगडी रस्त्यावर बॅग ओढावी लागते. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर वेशीजवळची खोली आणि तळमजला, दोन्ही आधीच मागून घ्या.

## टप्पा ६: ई-व्हिसा (प्रवासाआधी ३० ते ४५ दिवस)

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाची फी २० डॉलर, राहण्याची परवानगी ३० दिवस, आणि व्हिसा ९० दिवसांच्या मुदतीत वापरावा लागतो. चार महिने आधी उत्साहाने अर्ज करणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. फार उशिराही नको: प्रक्रियेला किमान तीन कामाचे दिवस लागतात, त्यात शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत. २१ मार्चचा नवरोझ, ९ मे, १ सप्टेंबर या त्यातल्या मोठ्या सुट्ट्या.

अर्ज भरताना:

१. अधिकृत साइटच उघडा. तिचा पत्ता ‘ई-व्हिसा डॉट जीओव्ही डॉट यूझेड’ असा आहे. शोधात वर दिसणाऱ्या, तशाच रंगरूपाच्या अनेक साइट दलालांच्या आहेत. त्या याच कामाचे कितीतरी पट पैसे घेतात.

२. प्रत्येक पासपोर्टला स्वतंत्र व्हिसा. तान्ह्या बाळालाही.

३. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, पासपोर्टच्या मुख्य पानाचा स्कॅन चारही कोपरे दिसतील असा. मोबाईलने काढलेल्या फोटोत खालच्या दोन ओळींवर, जिथे बाणासारख्या खुणा असतात, चमक आली तर अर्ज परत येतो. पासपोर्ट उन्हात नको, खिडकीजवळ सावलीत धरा.

४. प्रवेशाची तारीख म्हणजे ताश्कंदला उतरण्याची तारीख. विमान रात्री सुटून मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर ती दुसऱ्या दिवसाची होते.

५. पैसे भरण्याआधी पासपोर्ट क्रमांक घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर बघा. शून्य आणि ‘ओ’ची अदलाबदल हमखास होते. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही.

तपासा: ईमेलवर पीडीएफ आली की नाव, क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत ताडून बघा. चूक असेल तर नवा अर्ज करायला अजून वेळ आहे, म्हणूनच हा टप्पा महिनाभर आधी ठेवला आहे. दोन छापील प्रती काढा.

## टप्पा ७: औषधांची पिशवी

या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि सर्वांत जास्त त्रास इथेच होऊ शकतो. आपण परदेशी जाताना घरातला औषधाचा डबा जसाच्या तसा बॅगेत ओततो. उझबेकिस्तानात अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचे नियम कडक आहेत, आणि आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात ती काही औषधं त्यात येतात.

डबा टेबलावर रिकामा करा आणि पाकिटांवरचं ब्रँडचं नाव नव्हे, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. हे घटक दिसले तर ती पट्टी बाजूला काढा: ट्रामाडॉल (दुखण्यावरच्या गोळ्यांत, अनेकदा पॅरासिटामॉलबरोबर), कोडीन (खोकल्याच्या काही औषधांत), अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम (झोप आणि अस्वस्थता), फेनोबार्बिटोन (फिट्स), आणि प्रीगाबालिन. शेवटचं नाव नीट लक्षात ठेवा. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या, मणक्याचं दुखणं असलेल्या असंख्य ज्येष्ठांना ते रोज चालू असतं, कधी बी-१२ व्हिटॅमिनच्या गोळीत मिसळून. घरच्यांना ती ‘ताकदीची गोळी’ वाटते.

अशी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रीगाबालिन, क्लोनाझेपाम किंवा फिट्सचं औषध एकदम थांबवणं धोक्याचं असतं. निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, देशाचं नाव सांगा, पर्याय आहे का विचारा. पर्याय नसेल तर दिल्लीतल्या उझबेकिस्तानच्या दूतावासाला ईमेलने विचारणा करा, उत्तर छापून ठेवा, आणि तिथे उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून, म्हणजे वस्तू जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून, जाऊन औषध स्वतःहून दाखवा.

बाकीच्या नेहमीच्या औषधांसाठी (रक्तदाब, साखर, थायरॉइड):

मूळ पट्टीतच न्या. सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांच्या डब्यात सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. त्या कशाच्या आहेत हे तिथे सिद्ध करता येत नाही. डबा रिकामा न्या आणि हॉटेलात भरा.

लेटरहेडवर, इंग्रजीत, घटकाच्या नावाने लिहिलेलं आणि शिक्का असलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या. त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे. ‘आजी’, ‘काका’ म्हणून फाइल असलेल्या घरच्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

प्रवासाचे दिवस अधिक पाच दिवस एवढंच प्रमाण. निम्मं हातातल्या बॅगेत, इन्सुलिन पूर्ण हातातल्या बॅगेत.

तपासा: शेजाऱ्यांनी ‘तिकडच्या नातेवाइकांना द्या’ म्हणून दिलेलं औषधाचं पाकीट घेऊ नका. नाही म्हणायला जड जातं, पण म्हणा.

## टप्पा ८: पैसे आणि फोन

एका प्रवासाला माणशी ३००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात. एवढ्या लागत नाहीत. हॉटेल आणि रेल्वे आधीच कार्डाने भरली असेल तर ८-९ दिवसांना माणशी ३०० ते ४०० डॉलर रोख, आणि एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड. नोटा परवानाधारक विनिमय केंद्रातून, पावतीसह घ्या. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्तीचं परकीय चलन रोखीने विकत घेता येत नाही, खात्यातून भरणा करावा लागतो.

काउंटर सोडण्याआधी प्रत्येक नोट बघा. पेनाची खूण, शाईचा शिक्का, फाटलेला कोपरा असलेल्या डॉलरच्या नोटा तिथे नाकारल्या जातात. घडी न घालता सपाट पाकिटात ठेवा.

तिथलं चलन सोम. हल्ली एका रुपयाला साधारण १३० ते १४० सोम पडतात. बाजारात हिशेब करायला सोपी युक्ती: शेवटची दोन शून्यं काढा आणि उरलेल्याच्या पाऊण पटीपेक्षा किंचित कमी धरा. १,००,००० सोम म्हणजे साधारण सातशे-साडेसातशे रुपये. १०,००० आणि १,००,०००ची नोट घाईत सारखी वाटते. टॅक्सीत पैसे देताना शून्यं मोजा.

फोनवर तीन कामं नाशिकमध्येच करा. यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप उतरवून भारतीय क्रमांकावर ओटीपी घेऊन खातं उघडा (उबर तिथे नाही). नकाशे आणि उझबेक-रशियन भाषांतर ऑफलाइन साठवा. आणि भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा, डेटा बंद. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येणार असतो. इंटरनेटसाठी स्थानिक सिम ताश्कंद विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घ्या.

पॅकेज घेतलं असेल तर कंपनीने कापलेल्या टीसीएसची (पॅकेजच्या रकमेवर आगाऊ घेतलेल्या कराची) पावती जपा. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. बरेच जण तो खर्चच समजून सोडून देतात.

## टप्पा ९: खाणं, विशेषतः शाकाहारींचं

‘पुलाव असतोच, त्यातलं मटण बाजूला काढू’ हा बेत टाका. तिथला ओश म्हणजे पुलाव मांसाबरोबरच, बऱ्याचदा मेंढीच्या चरबीत शिजतो. सूपचा रस्सा हाडांचा असतो. भोपळ्याचा समोसा म्हणजे ‘कोवोक सोम्सा’ शाकाहारी वाटतो, पण त्यातही चरबीचे तुकडे असू शकतात. आणि ‘मांस नको’ म्हटलं की कोंबडी चालेल असा अर्थ घेतला जातो.

म्हणून वाक्य पूर्ण म्हणा. ‘गोश्तसिझ’ म्हणजे मांसाशिवाय. ‘तोवुक हाम केराक एमास’ म्हणजे कोंबडीही नको. रशियन चालते तिथे ‘बेझ म्यासा’. अंडं म्हणजे ‘तुखुम’. हाच ‘सिझ’ पाण्याच्या बाटलीवरही उपयोगी आहे: ‘गाझसिझ’ म्हणजे साधं पाणी, ‘गाझली’ म्हणजे सोडा. नळाचं पाणी पिऊ नका.

निर्धास्त खाता येईल असं बरंच आहे. ‘नोन’ म्हणजे तंदूरची गोल रोटी (फक्त ‘जिझाली नोन’ टाळा, त्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात). ‘कातिक’ म्हणजे दही. ‘सुझमा’ म्हणजे शब्दशः आपला चक्का. साखर मिसळली की मुलं आनंदाने खातात. टोमॅटो-कांद्याची ‘अच्चिक-चुचुक’ कोशिंबीर, बटाटा, फळं. ताश्कंदचा चोरसू बाजार आणि समरकंदचा सियोब बाजार यांत बेदाणे, जर्दाळू, अक्रोड आणि ताजं दही मिळतं, तेव्हा सुका मेवा नाशिकहून वाहून नेऊ नका.

न्यायचं असेल तर थालिपीठाच्या भाजणीपेक्षा गरम पाण्यात होणारं न्या: उपम्याचं आणि पोह्यांचं तयार मिश्रण, मेतकूट, लोणच्याची घट्ट झाकणाची छोटी बाटली, दुधाची पावडर. दुधाचा चहा तिथे रूढ नाही. ‘कोक चोय’ म्हणजे हिरवा, ‘कोरा चोय’ म्हणजे काळा. छोटी किटली चालते, पण प्लग युरोपी दोन गोल पिनांचा लागतो. आपला तीन पिनांचा बसत नाही, अडॅप्टर न्या. ताजी फळं आणि रोपं नेऊ नका, नातेवाइकांसाठी द्राक्षांची पेटीसुद्धा.

## टप्पा १०: निघण्याचा दिवस

मुंबईच्या टर्मिनल २ वर विमानाच्या तीन तास आधी पोचायचं. नाशिकहून साधे चार ते पाच तास, आणि अडलेला रस्ता धरून विमानाच्या नऊ तास आधी घर सोडा. इगतपुरी-आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण वाचलेला वेळ पुढे भिवंडी ते ठाणे यांच्यामधल्या कोंडीत जाऊ शकतो, म्हणून घाट टळला या आनंदात उशिरा निघू नका. बसने जाणार असाल तर मुंबई नाक्याच्या महामार्ग बसस्थानकावरून ठाणे किंवा बोरिवलीच्या गाड्या मिळतात, पण मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ असतील तर घरापासूनची गाडी बरी.

तपासा, दार ओढण्याआधी: पासपोर्ट, व्हिसाच्या छापील प्रती, परतीचं तिकीट, हॉटेलांची यादी पत्त्यांसह, प्रवास विमा, प्रिस्क्रिप्शन. ही फाइल एकाच्या हातात, तिचे फोटो दुसऱ्याच्या फोनवर. ड्रोन बॅगेत असेल तर घरी ठेवा.

## टप्पा ११: उतरल्यावरचे पहिले दोन तास

उझबेकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. इमिग्रेशन, बॅगा, मग सिम, मग थोडे पैसे बदलणं, मग यांडेक्स. याच क्रमाने. दाराबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणून बॅग ओढणाऱ्यांना नकार द्या. ॲपवर दिसणारा आकडा आणि ते मागतात तो आकडा यांत फार अंतर असतं.

हॉटेलात चेक-इन झाल्यावर पासपोर्ट नोंदीसाठी घेतील, तो परत घ्या आणि नोंदीची चिठ्ठी मागा. तीन दिवसांच्या आत नोंद होणं बंधनकारक आहे. प्रत्येक हॉटेलची चिठ्ठी वेगळी, त्यावर नाव आणि राहण्याच्या तारखा. पासपोर्टच्या मागच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवा. रात्रीच्या रेल्वेने प्रवास केला तर त्या रात्रीचं तिकीट तसंच जपा.

सावध: सोडताना चिठ्ठीवरच्या तारखा बघा. एक रात्र वाढवली आणि चिठ्ठी जुनीच राहिली, हा प्रकार नेहमीचा आहे.

## टप्पा १२: फिरताना

खिव्याच्या इचान-काला या कोटाचं एकत्र तिकीट निघतं. मनोरे चढायचे पैसे वेगळे. समरकंदला शाही-जिंदा या जुन्या कबरींच्या समूहाला सकाळी लवकर जा, तिथे चढण आणि पायऱ्या आहेत आणि उन्हात ज्येष्ठांना झेपत नाहीत. तिथून बीबी-खानम मशीद आणि सियोब बाजार जवळ आहेत, एकाच सकाळी उरकतात. रेगिस्तान हा मदरशांचा चौक संध्याकाळी. धर्मस्थळांत बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी अर्धी चड्डी टाळावी. ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा बघायचा असेल तर टॅक्सीवाल्याला ‘शास्त्री’ रस्ता सांगा.

अडचणीचे क्रमांक: रुग्णवाहिका १०३, पोलीस १०२, अग्निशमन १०१. भारतीय दूतावास ताश्कंदला आहे, त्याचा क्रमांक फोनमध्ये निघण्याआधीच साठवा.

## टप्पा १३: परतताना

पन्नास वर्षांहून जुनी वस्तू सांस्कृतिक विभागाच्या दाखल्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. विक्रेता ‘अँटिक आहे’ म्हणून भाव वाढवत असेल तर तिथेच थांबा. नवा गालिचा किंवा सुझानी भरतकाम घेतलं तर पावती मागा आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा.

उरलेले सोम ताश्कंदमध्येच डॉलरमध्ये बदला, नाशिकला ते कुणी घेणार नाही. सगळ्या मुक्कामांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावून पासपोर्टबरोबर ठेवा. मागतीलच असं नाही, पण मागितल्या तर रांगेत उभं राहून बॅग उघडायला वेळ नसतो. मुंबईला विमान पहाटे उतरत असेल तर नाशिकच्या गाडीवाल्याला लँडिंगनंतर दीड तासाची वेळ द्या, आणि तो रात्रभर गाडी चालवून आलेला नसेल, आधी झोपलेला असेल, एवढं त्याला फोन करून विचारून घ्या.